पायऱ्या चार कमी पडल्या त्याबाबत

आधी तो ‘फरार’ शब्द खोडा, मग नाव लिहितो. दोन वर्षं हेच चाललंय. गावात मी फरार, तालुक्याला मी फरार, आता तुमचा कागद चेन्नईपर्यंत आला तर त्यातही मी फरार. फरार माणसाला कुणी एस.टी. स्टँडवर सोडायला येतं का? मला ठेकेदार अनंतराव स्वतःच्या जीपमधून सोडायला आले होते. वाटेत खायला दशम्या आणि केळी दिली, आणि खिडकीची सीट मिळाली का ते बघून मग गेले. माझा पत्ता पहिल्या दिवसापासून त्यांच्या खिशात आहे. विचारायचं होतं त्यांना.

खोडला. बरं.

नाव मानाजी दिनकर साळेकर. वय २४. धंदा नोकरी, म्हणजे इरुंगाट्टुकोट्टै येथे मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर हेल्पर, कंत्राटी. शिक्षण सातवी पास, आठवीत दोन वेळा बसलो. मूळ राहणार मौजे धामणखोरी, जिल्हा सातारा. सध्या राहणार तिरुवल्लिकेणी, चेन्नई, मॅन्शन, म्हणजे इकडे एकट्या पुरुषांसाठी भाड्याच्या खोल्यांची इमारत, तिच्यात दुसऱ्या मजल्यावरची खोली. खोलीत आम्ही पाच जण आणि एक पंखा.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, आज दिनांक १७ नोव्हेंबर २००८ रोजी सकाळी दहा वाजता मला या पोलीस ठाण्यात बोलावून घेतले. गावाकडच्या पोलिसांनी नऊ प्रश्न लिहून इकडे पाठवले आहेत. प्रश्न मराठीत, ठाणे तमिळ. म्हणून हेड कॉन्स्टेबल कृष्णाजी राव यांना बसवले. ते तंजावूरचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले. ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. म्हणाले, “तंबी, मला मराठी बोलूं येतें, लिहूं येत नाहीं. तूंच लिही, मी ऐकतों.” म्हणून हा जबाब माझ्या हातचा आहे. शुद्धलेखनाच्या चुका माझ्या, बाकीच्या चुका ज्याच्या त्याच्या.

प्रश्न पहिला असा की, “आरोपी दिनकर बाबू साळेकर, तलाव चौकीदार, याने तलावात मासळी जास्त वाढावी व ती विकता यावी म्हणून सांडव्यावर मातीची पोती स्वतः रचल्याचे कबूल केले आहे. याबाबत आपणास काय माहिती आहे?”

आरोपी माझे वडील आहेत. त्यांनी असे काही कबूल केले हे मला आज सकाळी सव्वादहा वाजता कळले. त्यानंतर कृष्णाजीरावांनी मला चहा मागवला. चहा आला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. मधल्या वेळेत काही झाले नाही.

माझे वडील माळकरी आहेत. त्यांनी जन्मात मासा खाल्ला नाही. घरात सुकट भाजली तर ते पडवीत जाऊन जेवतात. त्यांचा उजवा गुडघा १९९९ पासून दुमडत नाही. अशा माणसाने तीनशे चाळीस पोती मातीने भरली, भरावाच्या या टोकापासून त्या टोकाला वाहिली आणि तीन थरांत रचली, तेही माशांसाठी. हे ज्याने लिहून घेतले त्याला माझा नमस्कार सांगावा. त्याने निदान तुळशीला पाणी मिळावे म्हणून तरी लिहायचे, खोटे जरा बरे दिसले असते.

कृष्णाजीराव मला म्हणाले, “एक ओळीचें काम आहे. ‘ठाऊक नाहीं’ म्हणून लिही आणि जा. अस्के तेंच लिहितात.” त्यांच्या बोलीत अस्के म्हणजे सगळे. मी म्हणालो, एका ओळीत बसत नाही. ते म्हणाले, “सेरी,” म्हणजे बरं, “मग अस्कं खरें लिही. अर्धें लिहिलेंस तर दोघेही जाल.”

म्हणून खरे लिहितो. सांडव्यावर पोती मी रचली. माझ्याबरोबर गावातले अकरा जण होते, पण पुढारी मी होतो, कारण सगळ्यांत जास्त आवाज माझा.

आता का रचली ते. आमच्या ओढ्यावर पाटबंधाऱ्याचा मातीचा तलाव आहे. म्हणजे होता. भराव, म्हणजे मातीचा बांध, गावाच्या वर, शेती खाली. पाणी जास्त झाले की एका अंगाच्या सांडव्यावरून निघून जाते. सांडवा म्हणजे तलावाचे वाहते तोंड, ते उघडेच ठेवायचे असते. ही अक्कल आमच्याकडे शेळी राखणाऱ्याला आहे. त्या वर्षी, म्हणजे २००६ ला, पाऊस चांगला झाला, तलाव भरला, आणि जलपूजनाला मोठे पाहुणे येणार असे ठरले. तारीख ९ सप्टेंबर, वेळ सकाळी अकरा. पाहुण्यांनी तलावाला साडी, खण, नारळ वाहायचा, मग भाषण, मग जेवण. तलावाची ओटी आमच्या गावात आधीपण भरायचे, पण तेव्हा बायका चिखलातून जायच्या, तलावाला चालायचे आणि बायकांनाही.

पाहुण्यांना चिखल चालत नाही. म्हणून आतल्या बाजूला पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या करायचे काम अनंतरावांना मिळाले. कागदावर पायऱ्या बावीस. मी दोन वेळा मोजल्या, जाग्यावर अठरा. उरलेल्या चार कुठे गेल्या ते त्यांच्या नव्या बंगल्याच्या जिन्याला विचारावे. शेवटच्या पायरीपासून पाणी अडीच फूट खाली राहिले. पाहुण्यांचा हात काही पाण्याला पोचला नसता.

१ सप्टेंबरला शाखा अभियंता उमाकांत साहेब पाहणीला आले. मी तिथे फरशी धुवायला होतो. पायऱ्या बघून साहेब घामाघूम झाले. अनंतराव म्हणाले, “साहेब, पायरी खाली नेता येत नाही ना आता? मग पाणी वर आणू.”

साहेब म्हणाले, “तलाव भरलाय. आणखी वर कसं येईल?”

“सांडव्याला पोती लावतो. चार दिवसांत येतंय पायरीला. पूजा झाली की त्याच दुपारी काढतो.”

माझे वडील बाजूला उभे होते. ते म्हणाले, “साहेब, तोंड दाबू नका. वरची जागा मोकळी ठेवायची असते, ती उगाच नसते.” साहेब म्हणाले, “दिनकर, तुला किती पगार आहे?” वडिलांनी सांगितला. साहेब म्हणाले, “मग तेवढंच बोल.” सगळे हसले. मीपण हसलो. हे लिहायची गरज नव्हती, पण कृष्णाजीराव अर्धे नको म्हणाले.

४ सप्टेंबरला अनंतरावांनी सिमेंटची रिकामी पोती पाठवली. वडिलांनी एकाही पोत्याला हात लावला नाही. मला म्हणाले, “मान्या, तू जाऊ नको.” मी काय उत्तर दिले ते या गुन्ह्याच्या तपासात लागत नाही. घरी मी तेव्हा कुठल्याच कामावर टिकत नव्हतो. गवंड्याकडे तीन महिने, ट्रकवर दोन, पोल्ट्रीत अकरा दिवस. पोती रचायला बोलावले तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी मुकादम म्हणाले. संध्याकाळपर्यंत तीन थर लावले. कालव्यातून पाणी सुटू नये म्हणून त्याच्या गेटच्या चाकाला साहेबांनी साखळी आणि कुलूप घातले, चावी स्वतःकडे ठेवली. प्रश्न चौथा असा आहे की, “आरोपीने गेट का उघडले नाही?” त्याचे उत्तर साहेबांच्या खिशात शोधावे.

८ तारखेला पाणी शेवटच्या पायरीला लागले. अनंतरावांनी मला खांद्यावर घेऊन नाचवले. वडील चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवले नाही, माझा मी उठलो.

दिनांक ९ सप्टेंबर २००६, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. मी भरावाच्या खालच्या माळावर मांडवात खुर्च्या लावत होतो. प्लास्टिकच्या तीनशे खुर्च्या, पुढे पाहुण्यांसाठी दोन सोफे. मांडव भरावाच्या बरोबर खाली घातला होता, कारण तिथून सावली बरी येते असे अनंतरावांचे म्हणणे. मांडवामागे आचाऱ्याची भट्टी. तिथे गावातल्या सहा बायका पुऱ्या लाटत-तळत होत्या. त्यांत राजसबाई होत्या, वय अंदाजे ६५. मी झालो तेव्हा आईचे बाळंतपण त्यांनीच केले होते.

भूकंप झाला. आमच्याकडे भूकंप म्हणजे वर्षातून पाचदहा वेळा येणारा पाहुणा. त्याला कुणी उठून उभे राहत नाही. बायका आधी चुलीवरचे दूध धरतात, मग पोर. शाळेत बाक हलले तर गुरुजी हजेरी पुढे चालू ठेवायचे. ही आमची सवय, आणि आमची चूकपण हीच. त्या दिवशी खुर्च्या एकमेकींवर आपटल्या, मांडवाचे बांबू करकरले, भट्टीवरचे तेल सांडले. आचारी म्हणाला, “जरा दांडगा होता.” एक जण म्हणाला, “पाहुण्यांच्या आधी हाच आला पूजेला.” सगळे हसून पुन्हा कामाला लागलो. खुर्च्या सरळ करायला पाच मिनिटे गेली.

वडील वर भरावावर होते. ते ओरडले, “मान्या, बांध बसला! पोती काढ!”

मला वाटले नेहमीचे नाटक आहे. मी वर गेलो नाही. एक रांग आणखी लावली.

मग दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा वर बघितले. भरावाचा माथा सरळ दोरीसारखा असतो, तो मधे झोळीसारखा झाला होता. वडील सांडव्याकडे पळत होते. ज्यांचा गुडघा दुमडत नाही ते. पळताना ते एका पायावर उड्या मारल्यासारखे दिसत होते. कुणीतरी मागून शिट्टीपण मारली.

आता हिशेब सांगतो, सातवी पास माणसाला येतो तेवढा. सांडव्याच्या पातळीपासून भरावाच्या माथ्यापर्यंत साडेपाच फूट मोकळी जागा ठेवलेली होती. अडीच फूट आम्ही पोत्यांनी खाल्ली. राहिली तीन फूट. भूकंपाने मधला भराव दोन हात आणि वर चार बोटे खचला. दोन हात म्हणजे तीन फूट. पाणी त्या चार बोटांतून गेले. पोती नसती तर भराव बसला तरी पाण्याला सव्वादोन फूट कमी पडले असते, आणि आम्ही संध्याकाळी भेगा बुजवत बसलो असतो.

पाणी आधी चादरीसारखे उतरले. मातीच्या भरावाला तेवढे पुरते. मी मांडवात ओरडलो, लोक टेकडीकडे पळाले. मी भट्टीकडे गेलो. पाच बायका उठल्या. राजसबाईंना मी म्हणालो, मावशी उठा, बांध जातोय. त्या म्हणाल्या, “एवढा घाणा काढते रे, जळतील.” मी दुसऱ्यांदा उठा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. मी टेकडीवर पोचलो तेव्हा सात पन्नास झाले असावेत. माझ्याकडे घड्याळ नव्हते. पाहुणे अकराला येणार होते, ते आले नाहीत.

पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला. त्यात आधी तीनशे खुर्च्या, मग दोन सोफे, मग लाउडस्पीकर, मग जनावरे, मग राजसबाई. वाहून गेलेल्या जमिनी पुढच्या पानावर आहेत.

मग सरकारी अहवाल आला की भूकंपामुळे तलाव फुटला. भूकंपाला जबाबाला बोलावता येत नाही, त्याची बदली होत नाही, त्याला जात नाही आणि वकीलही नाही. म्हणून तो सगळ्यांना पसंत पडला. फक्त एक अडचण झाली. सांडवा एका अंगाला खडकावर, त्यामुळे तो जागेवर राहिला आणि आम्ही रचलेली पोतीपण जागेवर राहिली. धरण गेले, पोती राहिली. त्या तलावाचे सगळ्यांत पक्के काम आम्ही केले होते. एका पेपरवाल्याने त्यांचा फोटो काढला आणि आता पोत्यांना बाप शोधणे आले.

तीनशे चाळीसपैकी एकोणीस पोती काढलेली सापडली. प्रश्न सातवा असा की, “आरोपीने पुरावा नष्ट करण्याच्या हेतूने पोती काढण्याचा प्रयत्न केला काय?” होय. पाणी पायाखालून जात असताना, एका पायावर, ओल्या मातीचे एकेक पोते, पुरावा नष्ट करण्याच्या हेतूनेच काढले. मी खाली खुर्च्या लावत होतो.

१४ सप्टेंबरला अनंतराव आमच्या घरी आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरा, तुझं नाव निघतंय. चेन्नईला आपला माणूस आहे, कारखान्यात चिकटवतो. वर्षभर तोंड दाखवू नको, मी निस्तरतो.” मी त्यांच्या पाया पडलो. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी धावतो म्हणून मला रडू आले होते. मी गेल्यावर त्यांनी कसे निस्तरले ते आज कळले. वडिलांना म्हणाले असणार की पोराचे नाव घालू का तुझे, बोल. हे मी बघितलेले नाही, पण अनंतरावांना चाळीस वर्षांत दुसरी कुठली युक्ती सुचलेली नाही. वडिलांनी सही केली. आईनेपण फोनवर कधी काही सांगितले नाही. दर वेळी म्हणायची, “त्यांचा गुडघा बरा आहे.”

कृष्णाजीरावांनी विचारले, “तुजकडे साक्ष काय? नुसतें बोललास तर कोण ऐकतो?”

साक्ष आहे. ८ तारखेला पाणी पायरीला लागले तेव्हा अनंतरावांनीच तालुक्याहून फोटोवाला बोलावला होता. सांडव्यावरच्या पोत्यांवर आम्ही बारा जण उभे आहोत. मधे अनंतराव, गळ्यात हार. बाजूला उमाकांत साहेब, हातात गेटची चावी, तीपण दिसते. पुढे मी. मी गॉगल घातला आहे. फोटोमागे शिक्का आणि तारीख आहे. हा फोटो मी चेन्नईला घेऊन आलो होतो, कारण त्यात मी चांगला दिसतो. दोन वर्षे तो खोलीत माझ्या खाटेच्या वर खिळ्याला होता. खोलीतले विचारायचे, “हे काय, लग्न का?” आज दुपारी शिपायाबरोबर जाऊन तो काढून आणला व या जबाबाला जोडला आहे. फोटोत डाव्या कोपऱ्यात दूर भरावावर एक माणूस पाठ करून उभा आहे. त्याला मी आजपर्यंत बघितले नव्हते. ते माझे वडील आहेत.

कृष्णाजीरावांनी फोटो खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला. म्हणाले, “तंबी, हें जोडलेंस तर तूं साक्षीदार राहत नाहींस. बापाच्या जाग्यावर जाशील.” मी म्हणालो, ती जागा माझीच आहे, ते उगाच बसलेत. ते म्हणाले, “बाप आहे ना, म्हणून.” मग ते इन्स्पेक्टर साहेबांशी तमिळमध्ये बोलायला आत गेले.

प्रश्न आठवा, “आपण सध्या काय करता व आपली वर्तणूक कशी आहे?” कारखान्यात जातो. पहाटे पावणेपाचला कंपनीची बस असते. ती जाताना चेंबरंबाक्कम तलावाच्या बाजूने जाते. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसतो. दोन वर्षे एकाच कामावर टिकलो आहे. वर्तणूक बरी आहे.

वडिलांची तारीख २ डिसेंबरला आहे असे कागदात लिहिले आहे. त्या दिवशी मी कोर्टात हजर राहतो. मला आणायला कुणी पाठवू नये, आणि अनंतरावांनी जीप काढू नये. मला रस्ता माहीत आहे.

वरचा सगळा मजकूर पोलिसांनी मला वाचून दाखवायचा असतो, पण इथे उलटे झाले. मी मोठ्याने वाचला आणि कृष्णाजीरावांनी ऐकला. दोन ठिकाणी ते म्हणाले पुन्हा वाच, मी पुन्हा वाचले. राजसबाईंच्या ठिकाणी ते म्हणाले, पुरे. मी सांगितले आणि मी लिहिले यात फरक नाही. कुणाचा दाब नाही, कुणी पढवलेले नाही. बरोबर आहे म्हणून सही करतो.

मानाजी दिनकर साळेकर

नववा प्रश्न कागदाच्या मागच्या बाजूला होता, तो सही झाल्यावर दिसला. “आरोपीस दर महिन्यास बाहेरगावाहून मनीऑर्डर येते. पाठवणाऱ्याचे नाव आरोपी सांगत नाही. ही रक्कम मासळी विक्रीची असल्याचा संशय आहे. खुलासा करावा.”

खुलासा. मनीऑर्डर मी पाठवतो. माझा ठावठिकाणा कळेल म्हणून त्यांनी नाव सांगितले नसावे. पगार झाला की तिरुवल्लिकेणी पोस्टातून जाते, पावत्या माझ्याकडे आहेत, एकूण पंचवीस, सगळ्या जोडतो. या महिन्याची उद्या सकाळी लावणार आहे. आजचा खाडा आणि कोर्टाला जायचे रेल्वेचे तिकीट वजा करून, रुपये एक हजार एकशे साठ.